होळीच्या आधी पोचायचं होतं

हे लिहिणारा मी कोण, असं कुणी विचारलं तर मला उत्तर देता येणार नाही. आमच्या तांड्यातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलतो, मराठी मी शाळेत शिकलो. त्यामुळे एखादं वाक्य अडखळलं तर माफ करा. बापावरचा राग असा चारचौघांपुढे मांडावा का, हेही मला नीट कळत नाही. पण तो राग मी बरीच वर्षं सांभाळला आहे.

बा एस.टी.त ड्रायव्हर होता. रिटायर झाल्यावर त्यानं एक जुनी जीप घेतली. याडीला, म्हणजे आईला, दमा. आमच्याकडची पौषातली थंडी तिला सोसत नसे, म्हणून दिवाळी झाली की दोघं कोकणात माझ्या बहिणीकडे जात. समुद्राकाठी हवा उबदार, याडीला तिथं झोप लागायची. होळीच्या आधी परत. त्या वर्षी सामान आणायला मदत म्हणून मीही गेलो होतो.

त्या होळीला उशीर करून चालणारच नव्हतं. थोरल्या भावाला मुलगा झाला होता आणि त्याची धुंड होती. वर्षभरात जन्मलेल्या मुलाला होळीच्या दिवशी नवी टोपी घालून बसवतात. गेर, म्हणजे होळीचा नाच, खेळणारे पुरुष त्याच्या डोक्यावर एक काठी आडवी धरतात, तिच्यावर आपल्या काठ्यांनी ताल देत त्याच्यासाठी गाणं म्हणतात. हे आयुष्यात एकदाच. आमच्या घरात ती टोपी आजीनं शिवायची आणि आजीनंच घालायची. याडीनं सगळा हिवाळा बसून कवड्या आणि आरशाची भिंगं लावून टोपी तयार केली होती. आणि आमच्यात होळी संध्याकाळी पेटत नाही, पहाटे पेटते. पहाटेच्या आत तांड्यात पोचायचं, एवढंच याडीचं मागणं होतं.

पण बा जीप चालवायचा एस.टी.सारखी. वाटेत लागेल त्या स्टँडवर थांबायचं, कँटीनमध्ये चहा घ्यायचा, ओळख असो नसो, ड्रायव्हर लोकांशी बोलायचं. पहिला मुक्काम बार्शीला झाला. दुसऱ्या दिवशी बीडच्या पुढे टायर पंक्चर झालं, त्यात दोन तास गेले. परभणीच्या स्टँडवर आलो तेव्हा दिवस मावळत होता. पुढे वसमत, मग आखाडा बाळापूर, मग आमचा तांडा. फार तर तीन तास. तिकडची शेवटची बस निघून गेली होती. बानं जीप बाजूला लावली आणि चावी काढून खिशात टाकली.

"बा, काहून थांबलास?"

"दिवस मावळला. ड्युटी संपली. हितंच मुक्काम."

"कुणाची ड्युटी? तुला रिटायर होऊन दोन वरसं झाली."

"गाडी माझी हाय ना? मंग ड्युटी बी माझीच."

"थकला असशील तर मी चालवतो."

"ट्रॅक्टर हाकला म्हंजी गाडी येती व्हय? कालेजात हेच शिकून राहिलास का?"

चहाच्या गाड्यावरचे दोघं-तिघं हसले. माझं डोकं भणाणलं. "तीस वरसं लोकायला त्यांच्या घरी पोचवलंस," मी म्हणालो, "हिला एकदा पोचवता येईना तुला?"

बा रस्त्याकडे बघत राहिला. बोलली ती याडी. "गप बस. बापाशी असं बोलत असतेत का? थांबायचं तर थांबू."

मला वाटलं, ती त्याला भिते. जन्मभर भीत आली. त्याचा मला जास्तच राग आला. स्टँडच्या फरशीवर चादर अंथरताना तिनं टोपीचं गाठोडं उशाला घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून पडली.

सकाळी दहाच्या सुमारास तांड्यात शिरलो. होळीची राख झाली होती. धुंड उरकली होती. लेकराच्या डोक्यावर शेजारणीनं दिलेली टोपी होती. वहिनी म्हणाली, "याडी, लई वाट पाहिली. लोक थांबेनात." याडीनं नातवाला उचललं, त्याचे मुके घेतले. गाठोडं तिनं उघडलं नाही. बा जीप धुवत बसला.

त्यानंतर मी बाशी कामापुरतंच बोललो. हिंगोलीत खोली करून राहिलो, सणालाही उशिरा जायचो. अंगणात बसून तो पूर्वीच्या रूटच्या गोष्टी सांगायला लागला की मी उठून जायचो. हट्टासाठी बायकोचा एवढा दिवस घालवणारा माणूस, असंच मी त्याच्याबद्दल धरून चाललो होतो.

मग एकदा हिंगोलीच्या स्टँडवर त्याच्या गाडीवरचा जुना कंडक्टर भेटला. त्यानं बाचे डोळे कसे आहेत म्हणून विचारलं. मी म्हणालो, "डोळ्यांना काय झालंय?" तो म्हणाला, "तुला म्हाईत न्हाई? नोकरीची शेवटची दोन वरसं त्यो डेपोतल्या डिझेलच्या पंपावर व्हता. गाडी दिलीच न्हाई त्याला."

"कुणी काढला त्याला गाडीवरून?"

"काढला कुठला? तुझी याडीच आली व्हती डेपोत. एकटी. डॉक्टरचा कागद घिऊन. साहेबाला म्हनली, दिवस मावळला की ह्याला दिसत न्हाई, ह्याला गाडीवर धाडू नका. पन तांड्यात कुणाला कळू देऊ नका, पोरायला बी न्हाई."