पॉडकास्टमधली माय

पॉडकास्ट म्हणजे काय हे मला साठी उलटल्यावर कळलं, तेही शेजारणीच्या सुनेमुळे. माझा मुलगा पुण्यात नोकरी सांभाळून अहिराणीत पॉडकास्ट करतो, हे धुळ्यात आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, मला सोडून. तिने मोबाइलवर लावून दिला. मला वाटलं, रेडिओसारखं असणार, आत्ता निसटलं की गेलं. तव्यावरची भाकरी करपू दिली, पण जागची हलले नाही. मग तिने हसत सांगितलं की हे हवं तेव्हा थांबवता येतं, मागेसुद्धा नेता येतं. माझ्या पोराला थांबवता येतं, हे मला नवीनच होतं.

त्या दिवसापासून दुपारभर तेच. काय गोड बोलायचा. माझ्या माहेरची, पिंपळनेरकडची बोली, हेलसुद्धा माझेच. आलेल्या पाहुण्याची मायेने खुशाली विचारायचा, "बठ्ठं बरं शे ना?" मला फोनवर मात्र, "बोल आई, पटकन." माझ्याशी एकदा तरी त्याने असं बोलावं, एवढंच मला हवं होतं.

ही बोली माझ्या तोंडून काढून घेतली ती त्यानेच. शाळेत पालकसभेला मी बाईंना विचारलं होतं, "पोऱ्या अभ्यास करस का?" दोघी-तिघी हसल्या. घरी येऊन हा म्हणाला, यापुढे बाबांनाच पाठव, आणि माझ्या मित्रांसमोर नीट बोल, नाहीतर बोलूच नकोस. मी शिकले. पेपर मोठ्याने वाचून, शब्द गिळून शिकले. आता तो लोकांना सांगतो, ही भाषा मला मायच्या दुधातून मिळाली. ऐकून तळपायाची आग मस्तकात गेली.

दिवाळीला आला तो माईक घेऊनच. स्वयंपाकघरात माझ्यापुढे धरून म्हणाला, "माय, तू आपली बोलीमा बोल."

जन्मात पहिल्यांदा मला माय म्हणाला, तेही माईक चालू असताना. माईक खाली ठेवून पुन्हा म्हणेल म्हणून मी थांबले. तो माझ्या तोंडाकडे नाही, मोबाइलच्या पडद्याकडे बघत होता.

"मला ती भाषा येत नाही," मी म्हणाले.

तो भाग आला तेव्हा मी एकटीने ऐकला. माझं ते वाक्य त्याने तसंच ठेवलं होतं. आपली बोली घरातल्या घरात कशी मरते, त्याचा दाखला म्हणून.