शून्य नसलेला खोटा पत्ता

मयुरा राजोपाध्ये दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढली, पहाडगंजच्या मराठी शाळेत शिकली आणि चाळिशीला टेकली तेव्हा नोएडाच्या एका कंपनीत, रुग्णाच्या उशाशी लावायच्या मॉनिटरचं कर्नल सांभाळत होती. कर्नल म्हणजे सॉफ्टवेअरचा गाभा. तिथली एक चूक अख्खं यंत्र आडवं करते.

मे महिन्यात तिला अशीच चूक सापडली. कर्नलकडे एखादी गोष्ट मागितली की ते तिचा मेमरीतला पत्ता देतं. देता आली नाही तर कधी शून्य देतं. पण काही फंक्शन्स, म्हणजे ठरावीक काम करणारे कोडचे तुकडे, शून्य देत नाहीत, नकाराचं कारण सांगणारा आकडाच पत्त्याच्या वेशात हाती ठेवतात. कंपनीच्या कोडमध्ये अकरा ठिकाणी फक्त 'शून्य आहे का?' एवढंच तपासलं होतं. म्हणजे सेन्सर बिघडला की तो आकडा तपासणीतून सुटणार, यंत्र त्या खोट्या पत्त्यावर जाणार आणि कोसळणार.

मॅनेजर अरोरांना घाई होती. "मयुराजी, चेक तो लगा है ना? सोमवार को माल जाना है. साइन कर दीजिए."

"चेक गलत है, सर. मैं साइन नहीं करूँगी."

"दो साल से चल रहा है!"

"क्योंकि दो साल में सेन्सर नहीं बिगड़ा."

दिल्लीतल्याच द्वारकेच्या घरी वडील, दत्तात्रय, केंद्राच्या एका मंत्रालयातून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "अगं, सही कर आणि खाली शेरा मार. आम्ही तेच करायचो."

"बाबा, शेऱ्यावर मॉनिटर चालत नाही."

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये तिनं मॉनिटर उचलून थेट डायरेक्टरसमोर ठेवला, सेन्सरची वायर उपटली आणि यंत्र पुन्हा चालू केलं. स्क्रीन उजळली, थरथरली, काळी पडली.

"आता सांगा, पेशंटचं काय चाललंय?" तिनं हिंदीत विचारलं.

माल थांबला. तिनं नऊ दिवसांत अकराही जागा दुरुस्त केल्या. त्यानंतर अरोरांनी 'टीममध्ये मिसळत नाही' असं लिहून तिला टेस्टिंगला धाडलं. राजीनामा देईल, अशी सगळ्यांची अटकळ होती. तिनं खुर्ची उचलली आणि स्वतःच तिसऱ्या मजल्यावर नेऊन ठेवली.

पहिल्याच आठवड्यात अरोरांच्या टीमचा नवा कोड तपासणीसाठी तिच्यापुढे आला. तीन दोष लिहून तिनं तो परत पाठवला आणि डबा खायला गेली.