शिडाकडे कोण बघणार

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात, गीतेचे वर्ग लावतात किंवा सोसायटीच्या कमिटीत शिरून इतरांना हैराण करतात. माझ्या नवऱ्याने शिडाची होडी चालवायला शिकायचं ठरवलं. त्याचं कारण मला माहीत होतं, आणि मला ते माहीत आहे हे त्याला ठाऊक होतं. पण आम्ही दोघांनीही त्याचा उच्चार केला नाही. कारण असं की मुलीने त्याची गाडी काढून घेतली होती.

काढून घेतली म्हणजे किल्ली स्वतःच्या घरी नेऊन ठेवली. त्याला भोवळ यायची. कल्याणच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं की कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागचे सरकले की डोकं एका विशिष्ट बाजूला वळवलं तरी जग फिरायला लागतं. त्याच्या बाबतीत ती बाजू म्हणजे वर. मान मागे टाकून वर पाहिलं की संपलं. डॉक्टरांनी मान इकडून तिकडे वळवून ते खडे जागेवर बसवले, महिनाभर बरं वाटलं, मग पुन्हा तेच. शिडीवर चढू नका, माळ्यावरचं काही काढू नका, गाडी चालवू नका, असं त्यांनी सांगितलं. होडीबद्दल ते काही बोलले नाहीत. बाळकुमच्या टॉवरमधला पेशंट होडीत बसेल असं कुठल्या डॉक्टरच्या मनात येणार?

"त्यांनी होडीला नाही म्हटलेलं नाही," नवरा म्हणाला.

"विमानालाही नाही म्हटलेलं नाही."

"अगं, खाडीत काय, पाणी सपाट असतं. वर बघायचंय कशाला?"

आमच्या खिडकीतून खाडी दिसते. बिल्डरने तिला माहितीपत्रकात 'रिव्हर व्ह्यू' म्हटलं होतं. तिच्या काठावर, पुलाच्या अलीकडे, एक क्लब निघाला होता. तिथे रविवारी सकाळी जोडप्यांसाठी वर्ग होता. दोघांनी मिळून एक छोटी होडी चालवायची, एकाने मागे बसून सुकाणूचा दांडा आणि मोठं शीड सांभाळायचं, दुसऱ्याने पुढे बसून छोट्या शिडाची दोरी, आणि अर्ध्या वेळाने जागा बदलायच्या. नवरा-बायकोने काम आणि मजा दोन्ही वाटून घ्यावं, अशी त्यामागची कल्पना. मी आयुष्यभर कॉलेजच्या ग्रंथालयात काम केलं. मला पोहता येत नाही. पुलावरून जातानासुद्धा मी खाली पाण्याकडे बघत नाही. पण त्याला एकट्याला पाठवणं शक्य नव्हतं, म्हणून मी मजेतला माझा वाटा घ्यायला गेले.

उद्घाटनाला फुग्यांची कमान होती, श्रीफळ होतं, शाली होत्या. एका पुढाऱ्याने समुद्र आणि मराठी माणूस या विषयावर इतकं लांबलचक भाषण केलं की मागे ओहोटी लागून होड्या चिखलात बसल्या, आणि पहिला धडा कोरड्यावरच झाला. शिकवणारा नौदलातून बाहेर पडलेला, चाळिशीचा, खणखणीत आवाजाचा माणूस होता. त्याचा एक नियम होता. सुकाणू ज्याच्या हातात तोच बोलणार. तो विचारणार, "वळायचं?" पुढच्याने फक्त "तयार" म्हणायचं. बाकी एक शब्द नाही.

दुसरा धडा त्याने फळ्यावर नव्हे, शिडावर दिला. शिडाला लोकरीचे धागे चिकटवलेले असतात, डोलकाठीच्या टोकाला एक फीत असते. धागे सरळ मागे उडत असतील तर होडी बरोबर चालली आहे. खाली लोंबले तर चुकलं. "पाण्याकडे बघू नका," तो म्हणाला. "वर बघा. सतत वर बघा."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मन लावून बुटाची नाडी बांधत होता.

पहिल्यांदा पाण्यात गेलो तेव्हा तो मागे होता आणि मी पुढे. होडी हलली, शिडात वारा भरला आणि आम्ही तिवरांपासून दूर निघालो. तो समोर क्षितिजाकडे बघत ताठ बसला होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, काय ऐट आहे. मला मात्र त्याची हनुवटी दिसत होती. ती एक बोटभरही वर उचलली जात नव्हती. शीड फडफडायला लागलं, धागे लोंबले, होडी मंदावली, तरी तो क्षितिजाकडेच बघत राहिला.

"धागे खाली आलेत," मी हळूच म्हणाले.

त्याने दांडा जरासा ओढला. धागे उडायला लागले. "आता ठीक," मी म्हणाले. त्याने मान हलवली नाही, नुसती पापणी मिटून उघडली.

असं आमचं सुरू झालं. त्याच्या वाटचं वर बघणं मी करायचे. एका अर्थी सोयीचंच होतं, कारण वर बघत असताना मला पाण्याकडे बघावं लागत नव्हतं. पण मी ज्या क्षणी शिडाकडे बघायचे त्या क्षणी त्याच्याकडे बघत नसायचे, आणि मला दोन्हीकडे बघायचं होतं. घरी आले की माझी मान दुखायची आणि त्याची अजिबात नाही.

मोटरबोटीतून आमच्या मागे फिरणाऱ्या शिक्षकाला अर्थातच माझा आवाज ऐकू जायचा. "काकू," तो ओरडायचा, "काकांना चालवू द्या. तुमचं काम फक्त दोरी." पुढच्या रविवारीही तेच. "काकू, तोंड बंद, हात चालू." किनाऱ्यावर चहा पिताना तो सगळ्यांना समजावायचा की नवरा-बायकोच्या होडीत मोठी अडचण वाऱ्याची नसते, सूचनांची असते. असं म्हणताना तो माझ्याकडे बघायचा. सगळे हसायचे. नवराही हसायचा.

ते हसणं मला लागलं. डोंबिवलीहून एक तरुण जोडपं यायचं. ते दोघं पाण्यात जोरजोरात भांडायचे. "अरे यार, ढील दे ना, मी कधीची बोलतेय." "तू बोलतेयस की दांडा धरतेयस, एक काय ते कर." आणि उतरले की एकाच प्लेटमधला वडापाव खायचे. मला त्यांचा हेवा वाटायचा. त्यांचं भांडण खरं होतं. आमच्या होडीत मी खोटी कटकटी बायको होते आणि तो खोटा खलाशी.

एकदा रिक्षातून परत येताना मी म्हटलं, "अहो, सांगून टाका त्याला."

"सांगितलं तर तो बसू देणार नाही."

"मग पूर्ण वेळ पुढेच बसा तुम्ही. मी शिकते मागे बसायला."

"पुढे बसून काय करू? दोरी धरून बसू?"

मी इतके आठवडे तेच करत होते. पण गाडीच्या किल्लीपासून तो या दांड्यापर्यंत कसा येऊन पोचला होता ते मला दिसत होतं. जागा बदलायची वेळ आली की मी मात्र मन लावून शिकायला लागले. दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे जाते, हे डोक्यात बसायला वेळ लागला. रात्री कूस बदलताना हातात दांडा असल्यासारखं वाटायचं. तो पडला तर होडी मला आणावी लागेल, एवढं एकच मला कळत होतं.

वर्ग संपायच्या दिवशी समारंभ होता. प्रत्येक जोडप्याने आपापलं, पाण्यात तरंगणाऱ्या नारिंगी पिंपाला वळसा घालून परत यायचं, मग पुढाऱ्याच्या हस्ते प्रमाणपत्र. पुढाऱ्याला पाण्यातून पाहायचं होतं, म्हणून त्याला, त्याच्या फोटोग्राफरला आणि त्याच्या एका कार्यकर्त्याला मोटरबोटीत बसवलं. बुडणाऱ्याला वाचवायला ठेवलेली ती एकच बोट होती.

वारा आडवा होता, बरा होता. ओहोटी लागलेली होती आणि पाणी पुलाच्या दिशेने ओढत होतं. आम्ही पिंपाच्या पुढे जाऊन वळलो. तो मागे होता. मी शीड बघून "ठीक" म्हटलं आणि मला पहिल्यांदाच वाटलं, पार पडेल. तेवढ्यात मोटरबोट बाजूला आली.

"काका, फोटो," फोटोग्राफर म्हणाला. "शिडाकडे बघून एक. मस्त वर बघा."

"वर बघा काका," शिक्षकही म्हणाला. "एकदा तरी."

मी "नको" म्हणाले की नुसतं तोंड उघडलं, आठवत नाही. पुढारी हात हलवत होता. माझ्या नवऱ्याने हसून हनुवटी उचलली आणि वर पाहिलं.

त्याचं हसू तसंच राहिलं आणि डोळे हलायला लागले. दांडा सुटला. तो बाकावरून घसरून होडीच्या तळाशी बसला, मग आडवा झाला. होडी आपोआप वाऱ्याकडे तोंड करून थांबली, शिडं फटफट वाजायला लागली, मोठ्या शिडाखालची आडवी काठी, बूम, डोक्यावरून गेली. मी खाली वाकून, त्याच्या पायांवरून सरपटत मागे गेले आणि दांडा धरला.

"काकू," मोटरबोटीतून आवाज आला, "काकांच्या हातातून काढून का घेतलंत? आता तुम्हीच आणा परत." पुढारी मोठ्याने हसला. त्याला पुढच्या कार्यक्रमाला जायचं होतं. बोट वळली आणि धक्क्याकडे निघून गेली. त्यांना तो पडलेला दिसलाच नव्हता. होडी वळल्यामुळे मधे शीड आलं होतं.

मी हाका मारल्या. शिडांच्या फडफडाटात त्या मलाच ऐकू आल्या नाहीत.

पुलाचे खांब हळूहळू मोठे होत होते. त्यांच्याभोवती पाणी भोवरे करत होतं, आणि आता मला पाण्याकडे बघावंच लागलं. ते काळं होतं आणि त्यातून प्लास्टिकची एक चप्पल आमच्याबरोबर चालली होती, आमच्यापेक्षा शांतपणे.

"अहो," मी म्हटलं. "ऐकू येतंय का?"

"हो." डोळे घट्ट मिटलेले. चेहरा चुन्यासारखा.

"छोट्या शिडाची उजवीकडची दोरी तुमच्या हाताशी आहे."

त्याने चाचपडून धरली.

"ओढा. आणखी. धरून ठेवा, तोंड वळू दे." होडीचं तोंड इतकं सावकाश वळलं की मला रडू यायचं बाकी होतं. "सोडा. आता डावीकडची दोरी. ओढा."

मोठ्या शिडात वारा भरला. होडी कलली, तो तळाशी एका बाजूला घरंगळला, पण दोरी त्याने सोडली नाही. खांब लांब जायला लागले. मी वर धाग्यांकडे बघत होते, खाली त्याच्याकडे बघत होते आणि बोलत होते. ओढा, थोडी सोडा, बस. तो एकही शब्द बोलला नाही. एकदा फक्त होडीच्या कडेबाहेर तोंड काढून ओकला आणि पुन्हा दोरी धरून पडून राहिला.

धक्का मला गाठता आला नाही. त्याच्या थोडं अलीकडे होडी चिखलात रुतली आणि मी शिडं सोडून दिली. शिक्षक आणि डोंबिवलीची जोडी गुडघाभर चिखलातून आमच्याकडे आली. नवरा तोवर उठून बसला होता, नजर गुडघ्यांवर.

"काकू, मस्त आणलीत," डोंबिवलीची मुलगी म्हणाली. "काका काय झोपलेले का?"

सगळे हसायच्या तयारीत होते. हसून सोडून देणं सोपं होतं. घरीदारी सगळं हिच्याच हातात, असं काहीतरी त्याने म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. मला भीती वाटत होती की तो तेच म्हणेल, आणि मग पुढच्या वेळी मी त्याच्याबरोबर येऊ शकणार नव्हते.

"झोपलो नव्हतो," तो म्हणाला. "वर बघितलं की मला भोवळ येते. पहिल्यापासून. ती दर वेळी शीड बघून मला सांगायची, म्हणून माझं चाललं होतं. तिला कटकट करायची हौस नव्हती."

शिक्षक होडीची कड धरून त्याच्यासमोर वाकला. मग म्हणाला, "पाण्यात गेला असतात तर काका? यांना पोहता येत नाही." आवाज पहिल्यांदाच हळू होता. "यापुढे सुकाणू नाही. डॉक्टरांना विचारून या. हो म्हणाले तर पुढे बसायचं, खाली बघून."

"बरं," नवरा म्हणाला.

आठवडाभर घरात तो विषय निघाला नाही. डॉक्टरांनी पुन्हा मान वळवून दिली आणि होडीत बसलात तर खाली बघत नुसते बसून राहा, असं सांगितलं. मला वाटलं, आता हे होडीचं खूळ सुटलं. खरं सांगायचं तर मला सुटायलाच हवं होतं.

वर्ग संपला तरी शिकलेल्यांना रविवारी क्लबची होडी मिळायची, आणि त्या रविवारी सकाळी तो बूट घालून दाराशी उभा होता. "तू नाही आलीस तर मला कोणी बसू देणार नाही," तो म्हणाला. विनवणी नव्हती, माहिती होती.

मी मागे बसले, तो पुढे, नजर गुडघ्यांवर. मोटरबोट अगदी जवळून चालली होती. शिक्षक मला बोलू नका म्हणाला नाही. मी सांगत होते, धागे उडतायत, उजवीकडे एक बगळा आहे, तिवरं मागे पडली, पूल लांब आहे.

"किती लांब?" त्याने विचारलं.

"पुष्कळ."

थोड्या वेळाने तो वर न बघता म्हणाला, "तुला मजा येतेय का गं?"

"भीती वाटतेय," मी म्हणाले.

"मलाही," तो म्हणाला. इतक्या महिन्यांत हे त्याने पहिल्यांदा म्हटलं.

"वळायचं?" मी विचारलं.

"तयार," तो म्हणाला, आणि दोरी हाताला गुंडाळून घेतली. तशी ती गुंडाळायची नसते, म्हणून मी त्याला आधी ती सोडायला लावली.