कुंपणावरची कळलावी

हिर्डोशीच्या पारूबाईंना रानातलं झाड दारात आणायचा भारी नाद. घाटाचा रस्ता रुंद होताना जेसीबीनं कडेची माती उपसली, तेव्हा त्यात त्यांना कळलावीचे कंद दिसले. टोकांना निमुळते, मधे कोपरासारखे वाकलेले. पारूबाईंनी ते आणून परसातल्या कुंपणाशी पुरले.

पावसाळ्यात वेल चढला. पानांच्या शेंड्यांनी तारा धरल्या आणि श्रावणात लाल-पिवळी फुलं जाळासारखी वर उठली. फुलपाखरांची रीघ लागली. मधमाश्या यायच्या, पलीकडच्या कारल्यावरही जायच्या.

शेजारणी धास्तावल्या. "जहरी हाय ती, पारूबाई. घरात भांडनं लावती."

"भांडायला घरात हाय कोन? म्या एकलीच."

दिवाळीनंतर वेल वाळून गेला. जमिनीवर खूणसुद्धा उरली नाही.

थंडीत सून सारिका चार वर्षांच्या पिंकीला घेऊन शिवऱ्याहून राहायला आली. मुलगा संजय कामामुळे तिकडेच राहिला. दुसऱ्या दिवशी पारूबाई नाचणी झोडपायला शेतावर गेल्या. दुपारी परतल्या तर सारिका ओट्यावर वाकून ओकत होती.

"आत्या, घशात आग पडलीया. रताळी बाधली वाटतं."

"कुठली रताळी?"

"कुंपणाजवळची. माती सारखी करताना घावली. उकडली."

पारूबाई चुलीकडे धावल्या. पातेल्यात एकच उरलं होतं, मधे वाकलेलं.

"पिंकीनं खाल्लं?"

"तुकडा दिला व्हता. कडू लागला म्हून थुकली. थोडं गिळलं का काय, न्हाई सांगता येत."

गावातल्या जलीलभाईंचा टेम्पो भाताची पोती घेऊन भोरला निघाला होता. पारूबाई रस्त्यात आडव्या उभ्या राहिल्या. उरलेला कंद पिशवीत बांधून त्यांनी बरोबर घेतला. सारिका खिडकीला टेकून कण्हत होती. धरणाच्या कडेची वळणं संपता संपेनात. तेवढ्यात मांडीवरच्या पिंकीनं डोळे मिटले.

"ए पोरी, झोपू नगंस. आजीशी बोल की."

पोर रडली की पारूबाईंना धीर यायचा. गप्प झाली की त्या पुन्हा हलवायच्या. जलीलभाई जमेल तेवढ्या जोरानं हाकत होते.

भोरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी कंद पाहिला. "कळलावी. कुठं मिळाली?"

"म्याच लावली व्हती," पारूबाई म्हणाल्या.

सारिकाचं पोट धुतलं आणि तिला पुण्याला हलवलं. ओकारी थांबली, तरी डॉक्टर म्हणाले, हे विष नंतरही घात करतं. पिंकीला काही झालं नव्हतं, पण पारूबाई तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघत बसायच्या.

सारिका वाचली. हिर्डोशीला घरी आल्यावर एका सकाळी तिनं केसांत फणी घातली आणि किंचाळली. मूठभर केस हातात आले होते. आठवड्याभरात डोकं उघडं पडलं. संजय आईशी बोलेना. पारूबाईंना तर सुनेकडे बघायचीच भीती वाटू लागली. हिचे केस परत आलेच नाहीत तर?

"तुमी काय मुद्दाम केलं का, आत्या?" सारिका एकदा आपणहून म्हणाली. तेव्हा कुठं त्या रडल्या.

उन्हाळ्यात सारिकाच्या डोक्यावर बारीक, मऊ केस उगवले. त्याच सुमारास पारूबाईंनी कुंपणाखालची माती कमरेइतकी खणली आणि सापडले तेवढे कंद गावापासून लांब, डोंगरातल्या कपारीत नेऊन लावले. तिथं कुणाची कुदळ जात नाही. श्रावणात तिथं फुलं आली. पारूबाई लांबूनच बघून आल्या.

परसात मात्र एखादा तुकडा राहिला असेल, ही धाकधूक गेलेली नाही. कुंपणाशी हिरवं काही दिसलं की त्या आधी पानाचा शेंडा तारेला वळलाय का ते बघतात. संजय आता फोन करतो. पिंकी सुट्टीत येते. ती परसात गेली की पारूबाई हातातलं काम टाकून तिच्या मागं जातात.