चौदा आडव्या रेघा

आमच्या शेजारचे टिपणराव साठी उलटल्यावर कॉलेजातल्या एका बाईंच्या नादी लागले, अशी बातमी आमच्या इमारतीत दोन महिने फिरत होती. बातमी साफ खोटी होती. हे मी छातीठोकपणे सांगू शकतो, कारण ती मीच सोडली होती.

पण माझी तरी काय चूक? पुरावे तुम्हीच बघा. बायको जाऊन सहा वर्षं झालेली. निवृत्त होऊन दोन. इतके दिवस हा माणूस सकाळी फक्त दूध घ्यायला खाली उतरायचा. आणि एका सोमवारी बघतो तर काय, दाढी गुळगुळीत, शर्टाला इस्त्री, पायात कोरे करकरीत बूट. कोरे खरे, पण करकरत मात्र नव्हते. मुद्दाम मऊ तळाचे घेतलेले. जिन्यावरून मांजरासारखे उतरले आणि कॉलेजच्या दिशेनं निघून गेले. आवाज न करता चालायची गरज कुणाला पडते? एक तर चोराला, नाहीतर प्रेमात पडलेल्याला. चोरी करण्याइतका त्यांचा गुडघा चांगला नव्हता. राहिलं ते मी चार जणांना सांगितलं.

खरी गोष्ट माझ्याच मुलीनं घरात आणली आणि मला तोंडघशी पाडलं. पण आधी टिपणराव कोण, ते सांगतो.

टिपणराव म्हणजे न्यायालयातले स्टेनो. तेहतीस वर्षं साक्षीदारांचं, वकिलांचं आणि न्यायाधीशांचं बोलणं शब्दाला शब्द उतरवून घेतलेला माणूस. अर्थात हे नाव मी ठेवलेलं. त्यांना कोणी काही सांगायला लागलं की त्यांची उजव्या हाताची बोटं आपोआप हलायला लागतात. वर्तमानपत्राच्या कडेला, विजेच्या बिलाच्या मागे, कुठंही शॉर्टहँडच्या मुंग्या सोडतात. एकदा मी त्यांच्याकडे बसून पाण्याच्या टाकीबद्दल अर्धा तास गाऱ्हाणं केलं. शेवटी विचारलं, "मग तुमचं काय मत?" ते चष्मा वर करून म्हणाले, "मत नाही. पण तुम्ही 'माझं काय म्हणणं आहे' हे अकरा वेळा म्हणालात. म्हणणं काय ते एकदाच आलं, तेही शेवटी."

असा हा माणूस. मला तो फार आवडतो. जगात आपलं बोलणं पूर्ण ऐकून घेणारी माणसं किती असतात? आमच्या घरात तर एकही नाही.

तर कॉलेजात एक खोली आहे, तिला लेखन केंद्र म्हणतात. ज्याला निबंध जमत नाही, अर्ज जमत नाही, प्रकल्पाची प्रस्तावना अडली आहे, त्यानं आपला कागद घेऊन तिथं जायचं. समोर एक मार्गदर्शक बसतो, बहुतेक वरच्या वर्गातलाच. त्यानं लिहून द्यायचं नाही, चुका दुरुस्त करून द्यायच्या नाहीत. विचारायचं, ऐकायचं आणि समोरच्याकडून लिहून घ्यायचं. खोलीचा एकच कडक नियम: पेन विद्यार्थ्याच्या हातात.

आता हे खरंच होतं की नाही, कसं कळणार? केंद्र चालवणाऱ्या प्रमुख बाईंनी आधी टेबलावर रेकॉर्डर ठेवून पाहिला. विद्यार्थी त्या यंत्राकडेच बघत बसले, आणि पेन कुणाच्या हातात होतं ते यंत्राला काही दिसेना. मग त्यांना कुणीतरी टिपणरावांचं नाव सुचवलं. मी ज्यांना टिपणरावांच्या गळ्यात बांधलं होतं त्या याच बाई. त्यांचा आणि टिपणरावांचा एकूण प्रेमसंवाद "या, बसा, ते कोपऱ्यातलं टेबल तुमचं" एवढाच झाला.

कोपऱ्यातल्या त्या टेबलाशी टिपणराव बसतात. मऊ बूट त्यासाठी. पुढ्यात वही. दोघांचं बोलणं जसंच्या तसं. पेन विद्यार्थ्याच्या हातात असेल तर समासात छोटा गोल, मार्गदर्शकानं घेतलं की फुली. आणि कुणीच बोलत नसेल तर दर पाच सेकंदांना एक आडवी रेघ. ते सेकंद ते मनात मोजतात. न्यायालयात साक्षीदार किती वेळ गप्प राहिला हे महत्त्वाचं असायचं म्हणे. घरी येऊन सगळं टाइप करायचं, कागद बाईंकडे द्यायचा, आणि शनिवारी सगळ्या मार्गदर्शकांच्या बैठकीत कुणी म्हटलं तर वाचून दाखवायचं. शेरा नाही, सल्ला नाही, भुवईसुद्धा वर करायची नाही.

हे सगळं मला कळलं, कारण आमची कन्या त्याच केंद्रात मार्गदर्शक म्हणून लागली. कायम नव्हे, चाचणीवर. टिपणरावांनी विद्यार्थ्यांसोबतच्या तिच्या तीन बैठका टिपायच्या, त्या वाचून प्रमुख बाई सत्र संपताना ठरवणार की हिला ठेवायचं की नाही.

आता कन्येबद्दल. दोन अभ्यासक्रम अर्धवट सोडून ही तिसऱ्यात शिरलेली. सकाळी हिला उठवणं म्हणजे कपाट सरकवणं. पण केंद्रात जायला लागल्यापासून ती गजराच्या आधी उठायला लागली. जेवताना दुसऱ्या कुणाच्या तरी निबंधाबद्दल बोलायची, डोळे चमकायचे. आयुष्यात पहिल्यांदा तिला एका खोलीत रोज जावंसं वाटत होतं. बाप म्हणून माझा जीव तिथंच अडकला. कारण पोरीत गुण पुष्कळ, पण तोंड माझं घेतलेलं. आमच्या घरात कुणी दुसऱ्याचं वाक्य संपायची वाट बघत नाही. आम्हीच ते संपवून देतो, मदत म्हणून.

पहिल्या बैठकीत ती एकोणीस मिनिटं बोलली. समोरचा मुलगा "हं" म्हणाला, सात वेळा. दुसऱ्या बैठकीत तिनं चवथ्याच मिनिटाला "जरा दे इकडे" म्हणून पेन घेतलं. तिथून खालपर्यंत समासात नुसत्या फुल्या.

बाईंनी तिला बोलावून सांगितलं, "तिसरी बैठक बघू. नाहीतर पुढच्या सत्रात जमणार नाही."

त्या संध्याकाळी मी चहाचा थर्मास घेऊन शेजारी गेलो. गोडीगुलाबीनं म्हटलं, "टिपणराव, तिसऱ्या वेळी चार-दोन वाक्यं गाळलीत तर कुणाला कळणार आहे?"

"मला," ते म्हणाले.

"अहो, तिला अंगाखांद्यावर खेळवलंय तुम्ही!"

"हो. आणि तेव्हाही ती माझं ऐकत नव्हती."

चहा प्यायले, थर्मास विसळून परत दिला. विषय संपला.

मग मी दुसरा उपाय काढला. घरातच सराव. मी विद्यार्थी झालो, पाण्याच्या टाकीच्या तक्रारीचं पत्र घेऊन कन्येसमोर बसलो. तिनं विचारलं, "तुम्हाला यात काय म्हणायचंय?" मी सांगायला लागलो. ती म्हणाली, "म्हणजे असं ना, की—" मी म्हटलं, "नाही, माझं काय म्हणणं आहे—" ती म्हणाली, "बाबा, ऐका तरी!" मी म्हटलं, "ऐकायचंय तुला!" पाच मिनिटांत दोघांचेही आवाज चढले आणि पेनाची टोपी कपाटाखाली गेली.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, दोघंही बोलताय. ऐकायला भाड्यानं माणूस आणायचाय का?"

कन्या ताडकन उठली, पायात चपला अडकवल्या आणि शेजारी गेली. मी भिंतीला कान लावला. त्याला कुणी काही म्हणो, मी त्याला काळजी म्हणतो.

"काका, माझी पहिली बैठक वाचून दाखवाल?"

टिपणरावांनी वाचली. त्यांचा वाचायचा आवाज म्हणजे स्टेशनवरची घोषणा. ना चढ, ना उतार. "मार्गदर्शक: हे बघ, तुला असं म्हणायचंय. विद्यार्थी: हं. मार्गदर्शक: आणि मग हा मुद्दा इकडे घ्यायचा, कळलं? विद्यार्थी: हं." अशी एकोणीस मिनिटं. भिंतीपलीकडून मलाच लाज वाटायला लागली; एकेक वाक्य माझं होतं.

"मी इतकी बोलते?" कन्येचा आवाज बारीक झाला होता.

"मी फक्त वाचलं."

"मग मी करू काय?"

"ते माझ्या वहीत नसतं."

मग ती म्हणाली, "काका, तुम्ही तेहतीस वर्षं गप्प कसे बसलात? एखादा साक्षीदार चुकतोय, अडकलाय, तुम्हाला माहितीये त्याला काय म्हणायचंय... जिभेवर येत नव्हतं?"

"येत असेल," टिपणराव म्हणाले. "पण हात गुंतलेले होते."

तिसऱ्या बैठकीला एक बाई आल्या. रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला, वय पंचेचाळीसच्या आसपास, संध्याकाळच्या वर्गात शिकायला लागलेल्या. निबंधाचा विषय 'माझे काम'. पहिलंच वाक्य त्यांनी लिहिलं होतं: "समाजसेवेच्या उदात्त भावनेने प्रेरित होऊन आम्ही अहोरात्र कार्यरत असतो."

कन्येनं विचारलं, "तुम्हाला इथं काय सांगायचंय?"

बाई कागदाकडे बघत राहिल्या. आणि आमची कन्या, जिच्या जिभेवर निदान पाच उत्तरं तयार होती, तिनं आपले दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर बसली.

हे हात टिपणरावांना कोपऱ्यातून दिसले असतील, पण त्यांच्या वहीत हातांची खूण नाही. पेनाची आहे. गोल काढला, आणि पुढं एकामागून एक आडव्या रेघा.

सत्राच्या शेवटच्या शनिवारी बैठक भरली. पुढचं सगळं कन्येनं मला तीनदा सांगितलंय, कारण मी तीनदा विचारलं.

प्रमुख बाईंनी टिपणरावांचा टाइप केलेला कागद वर धरला. बाई वाईट नाहीत, पण त्यांच्याकडे असे चाळीस कागद होते. म्हणाल्या, "पहिल्या दोनदा तू जास्त बोललीस, आणि या वेळी बोलतीच बंद? एक प्रश्न विचारलास आणि गोंधळून गेलीस. ह्या रेघा बघ. चौदा! शेवटी त्या बाईंनीच तुला सांभाळून घेतलं."

कन्येचे डोळे भरले. तिला सांगता येईना. आपण मुद्दाम गप्प बसलो हे सांगायचं म्हणजे पुन्हा बोलणंच आलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच तिला शब्द सापडत नव्हते.

कोपऱ्यातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. टिपणराव म्हणाले, "वाचून दाखवू का?"

बाई म्हणाल्या, "वाचलंय मी."

"रेघांसकट वाचतो."

कुणी नको म्हणायच्या आत त्यांनी वही उघडली आणि मनगटावरचं घड्याळ काढून पुढं ठेवलं. स्टेशनचा आवाज सुरू झाला. "मार्गदर्शक: तुम्हाला इथं काय सांगायचंय?"

आणि थांबले.

दहा सेकंद गेले. एका मार्गदर्शकानं दप्तराची चेन उघडली, बंद केली. वीस सेकंद. कुणीतरी उगाच खोकलं. तीस. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. पंख्याला आवाज आहे हे त्या खोलीला त्या दिवशी कळलं. चाळीस सेकंदांना खुद्द प्रमुख बाईंनाच राहवेना. "झालं का? पुढं वा—"

टिपणरावांनी घड्याळावरून नजर न काढता एक बोट वर केलं. न्यायाधीशांनासुद्धा त्यांनी कधी असं बोट दाखवलं नसेल. बाई गप्प झाल्या. पन्नास. साठ. एक मुलगी अंगठ्याचं नख खायला लागली. समोरच्यानं काहीतरी बोलावं, निदान शिंकावं तरी, असं प्रत्येकाला होऊन गेलं.

सत्तर सेकंद पुरे झाले. टिपणरावांनी खालची ओळ वाचली, त्याच सुरात.

"विद्यार्थिनी: लहान मुलांच्या वॉर्डातल्या चादरी आल्या की आम्ही यंत्राच्या आवाजातसुद्धा हळू बोलतो. कुणी सांगितलेलं नाही. मला ते लिहायचंय. लिहू का?"

"मार्गदर्शक: लिहा."

"समासात गोल. शेवटपर्यंत गोल," असं म्हणून त्यांनी वही मिटली.

प्रमुख बाईंनी तो कागद पुन्हा पुढ्यात ओढला. मग त्यांनी कोपऱ्यात आधी लिहिलेलं काहीतरी खोडलं आणि कन्येला म्हणाल्या, "पुढच्या सत्राचं वेळापत्रक जाताना घेऊन जा. आणि ते गप्प बसायचं कसं जमवलंस, ते पुढच्या शनिवारी सगळ्यांना सांग. थोडक्यात."

कन्या घरी आली ती नाचतच. आईला मिठी, मला मिठी, आणि मग अडीच तास अखंड बोलत होती. सत्तर सेकंदांची थकबाकी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जिन्यात टिपणरावांना गाठलं. दुधाची पिशवी हातात, पायात तेच मऊ बूट. म्हटलं, "काय टिपणराव! शेरा नाही, सल्ला नाही, वाक्य गाळणार नाही! आणि शेवटी पोरीसाठी भर बैठकीत उभे राहिलातच की! कबूल करा, शेजाऱ्याची माया आहे."

ते दोन पायऱ्या वर चढले, थांबले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले,

"माया कसली? एकवीस वर्षं तुमच्या भिंतीला भिंत लावून राहतोय. तुमच्या घरातलं माणूस सत्तर सेकंद गप्प बसलं, ही बातमी चार लोकांना ऐकवल्याशिवाय मला राहवेना."