थांबाबाईंची यादी

छापखान्यात त्यांना सगळे थांबाबाई म्हणत, आणि हे नाव बाईंनी स्वतःच्या कष्टाने मिळवलं होतं. प्रुफात एक वेलांटी चुकली की "थांबा". कर्मचाऱ्यांच्या नाटकाची तालीम असली की संहिता घेऊन बसायच्या आणि शब्दाशब्दाला "थांबा". दोन अंक बसायला दोन महिने लागले, आणि तिसरा अंक तर हरवलेलाच होता.

नाटक लिहिलं होतं छापखान्यातल्या निवृत्त आजोबांनी. छपाईचे खिळे जुळवून त्यांची नखं कायमची काळी झाली होती. वीस वर्षांपूर्वी नाटक इथल्याच कॉम्प्युटरवर टाइप झालं, पण रंगमंचावर कधी आलं नाही. फाईलचं नाव कुणाला आठवेना. आजोबांना तिसऱ्या अंकातलं एकच वाक्य आठवत होतं: "दार उघडा, माझी चप्पल आत राहिली." त्यांना आपलं नाटक एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं, आणि मालकांनी सांगून टाकलं होतं, "आज बारापर्यंत अंक मिळाला नाही, तर प्रयोगाचा हॉल सोडून देतो."

फायली शोधायचा प्रोग्रॅम बाईंनीच लिहिलेला, त्यामुळे पोर आईच्या वळणावर गेलेलं. चाळीस हजार फायलींत ते वाक्य धुंडाळायला निघालं, तिसरीलाच कुलूप दिसलं, 'ही फाईल उघडत नाही' असं लाल अक्षरांत सांगून फतकल मारून बसलं. बाईंनी ती फाईल बाजूला काढली. सतराव्या फायलीशी पुन्हा तेच. अकरा वाजेपर्यंत बाई रडकुंडीला आल्या.

पलीकडे त्यांची नणंद पुस्तकं बांधत होती. नाटकाची नायिकाही तीच.

"वहिनी, एका घराला कुलूप दिसलं म्हणून पोस्टमन अख्खी गल्ली सोडून जातो का गं?"

"म्हणजे चूक सोडून द्यायची?"

"सोडू नकोस. लिहून ठेव आणि पुढे चल."

बाईंनी प्रोग्रॅममध्ये एवढंच बदललं: फाईल उघडली नाही तर नाव टिपून ठेवायचं, पुढची बघायची, यादी शेवटी द्यायची. मग तो सुसाट सुटला. बाईंचा हात सवयीने दोनदा तो बंद करायला गेला, दोन्ही वेळा नणंदेने चापट मारली. बाराला दहा कमी असताना 'रद्दी' नावाच्या फोल्डरमध्ये चप्पल सापडली, अख्ख्या अंकासकट. खाली सदतीस न उघडलेल्या फायलींची यादी होती. ती न वाचताच पन्नाशीच्या बाईंनी कागदाच्या रिळाभोवती फेर धरला.

आठ दिवसांत तिसरा अंक कसाबसा बसला. प्रयोगाला आजोबा पहिल्या रांगेत होते. आणि नणंद, हीच शहाणी, भर रंगात म्हणाली, "दार उघडा, माझी छत्री आत राहिली."

विंगेत बाईंच्या ओठांवर 'थां' आलाच होता. त्यांनी तो गिळला आणि पेन्सिल उचलली. नाटक पुढे गेलं, लोक हसत राहिले.

पडदा पडल्यावर त्या आजोबांसमोर कागद घेऊन उभ्या राहिल्या. "तेवीस चुका झाल्या, आजोबा. सगळ्या लिहिल्यात."

आजोबांनी डोळे पुसून यादी शेवटपर्यंत वाचली. "तेवीस," ते म्हणाले, "आणि तरी पूर्ण झालं." मग कागदाची नीट घडी करून त्यांनी तो खिशात ठेवला.