म्हातारबांना न दिसलेले काका

गेल्या सोमवारी सकाळी यूएईतल्या फुजैऱ्याच्या बंदरावर आमच्या खोलीतल्या वेल्डरकाकांना कामावर हजर असून गैरहजर ठरवलं, आणि लेकीच्या साखरपुड्याची रजा रद्द केली.

अमेरिकेच्या नौदलाने वाट दाखवणारा पहिला उपग्रह सोडला तो आपल्या पाणबुड्या वाट चुकू नयेत म्हणून, हे मी काकांना एकदा सांगितलं होतं. तेव्हापासून ते उपग्रहाला म्हातारबा म्हणतात. रोज गेटवर हेल्मेट काढतात, मोबाइल आभाळाकडे धरतात आणि म्हणतात, "म्हातारबा, आलो हां कामावर!" मग उपग्रहावरून जागा ओळखून अ‍ॅपमध्ये हजेरी लागते.

त्या दिवशी आखातातल्या लढाईपायी कुणीतरी उपग्रहांचे सिग्नल बिघडवले. काका गेटवर, पण अ‍ॅपमध्ये भर समुद्रात.

"सिस्टिम में तू इधर नहीं है. गैरहाजिर आदमी की छुट्टी कॅन्सल, खलास," सुपरवायझर म्हणाला.

काकांनी घामेजलेला पंजा त्याच्या टेबलावर ठेवला. "साब, हाथ लगाके देखो ना. मैं इधरीच है."

त्याने मान वर केली नाही.

लढाई मोठ्या देशांची, उपग्रह त्यांचे, आणि गैरहजर आमचे काका? तुमच्या हाताखाली माणसं अशा अ‍ॅपवर हजेरी लावत असतील, तर उद्या सकाळी स्वतः गेटवर जा. माणूस डोळ्यांनी बघा आणि त्याची हजेरी लावा.